परवाना महाराष्ट्राचा, मुक्काम बेळ्ळंदूरला: परवान्याचे शस्त्र घेऊन दुसऱ्या राज्यात जाताना

बेळ्ळंदूर, सर्जापूर रोड आणि आउटर रिंग रोडच्या आसपास नोकरीसाठी आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात. मुले इथे स्थिरावली की गावाकडचे आईवडीलही काही महिन्यांसाठी किंवा कायमचे इकडे येतात. त्यांपैकी काहींच्या घरात परवान्याची बंदूक असते: वडिलोपार्जित बारा बोअर, सैन्यातून निवृत्त झाल्यावर घेतलेली रायफल किंवा व्यवसायामुळे बाळगलेले पिस्तूल. सामान हलवताना प्रश्न येतो की हे शस्त्र सोबत नेता येईल का. बहुतेक जण "परवाना आहे ना, मग काय अडचण" असे म्हणून मोकळे होतात. अडचण नेमकी तिथूनच सुरू होते, कारण शस्त्राचा परवाना वाहन चालवण्याच्या परवान्यासारखा आपोआप देशभर चालत नाही.

हा लेख परवानाधारकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी आहे. नवा परवाना कसा काढावा याची माहिती इथे दिलेली नाही.

झाकलेले की उघडे, हा आपल्याकडे प्रश्न नाही

अमेरिकेत शस्त्र अंगावर लपवून बाळगण्यासाठी अनेक राज्यांत वेगळा परवाना लागतो आणि एका राज्याचा परवाना शेजारचे राज्य मानेलच असे नसते. इंटरनेटवर या विषयावर जे सापडते ते बहुतांशी तिथले असते. ते वाचून इथले निर्णय घेऊ नयेत.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ हे दोन्ही केंद्राचे कायदे आहेत आणि सर्व राज्यांना सारखेच लागू आहेत. लपवून नेण्याचा वेगळा परवाना आपल्याकडे नाही. उलट सार्वजनिक ठिकाणी शस्त्र न्यायचे असेल तर ते पूर्ण झाकलेलेच असले पाहिजे, असे २०१६ चे नियम सांगतात. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा त्यासाठीच्या पिशवीत असावे, लांब बंदूक तिच्या कव्हरमध्ये असावी आणि दोन्ही बाबतींत शस्त्रावर तुमचा पूर्ण ताबा असावा. म्हणजे ढाब्यावर जेवायला उतरताना बंदूक गाडीच्या डिकीत ठेवून जाणे नियमात बसत नाही. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र परजणे किंवा हवेत गोळी झाडणे याला तर सक्त मनाई आहे.

तेव्हा भारतातल्या परवानाधारकाने विचारायचा पहिला प्रश्न वेगळा आहे: मी जिथे चाललो आहे ती जागा माझ्या परवान्यात लिहिलेली आहे का?

परवान्यातील 'क्षेत्र' ही नोंद वाचा

प्रत्येक परवान्यात तो कोणत्या क्षेत्रात वैध आहे याची नोंद असते. कुणाची नोंद एका जिल्ह्यापुरती असते, कुणाची संपूर्ण महाराष्ट्रासाठी, कुणाची महाराष्ट्रासह शेजारच्या एखाद्या राज्यासाठी आणि मोजक्या लोकांची संपूर्ण भारतासाठी. अखिल भारतीय वैधता मुख्यतः ज्यांची देशात कुठेही बदली होऊ शकते अशा सेवांतील अधिकारी, सैन्य व निमलष्करी दलांतील कर्मचारी, लोकप्रतिनिधी आणि नेमबाज खेळाडू यांच्याकडे दिसते. इतरांना क्षेत्र वाढवून घेण्यासाठी कारण दाखवून अर्ज करावा लागतो.

पुष्कळ जुन्या परवान्यांत ही नोंद आतल्या पानावर, शिक्क्याच्या शेजारी असते आणि वर्षानुवर्षे कुणी ती वाचलेली नसते. परवाना हातात घ्या आणि ती ओळ शोधा. 'महाराष्ट्र राज्य' एवढेच लिहिलेले असेल तर कागलच्या पुढे, कोगनोळीला कर्नाटकाची हद्द लागताच तुमच्या परवान्याचे संरक्षण संपते. तुम्ही तेच, बंदूक तीच, परवान्याची मुदतही शिल्लक असेल. पण त्या जागेसाठी परवाना नाही.

परिणाम किरकोळ नाहीत. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास कलम २५ खाली किमान २ वर्षे आणि जास्तीत जास्त ५ वर्षे कारावास व दंड अशी शिक्षा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने ती वाढवली गेली. परवान्याच्या अटीचा भंग एवढेच मानले गेले तर कलम ३० खाली ६ महिन्यांपर्यंत कारावास किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. क्षेत्राबाहेर शस्त्र सापडल्यावर पोलीस यांतले कोणते कलम लावतील हे तुमच्या हातात नसते. खटला कोणत्या कलमाखाली टिकतो हे पुढे न्यायालय पाहील. तोवर शस्त्र जप्त झालेले असते आणि तारखांसाठी परराज्यात फेऱ्या सुरू झालेल्या असतात. शिवाय परवाना देणारा अधिकारी तो निलंबित किंवा रद्द करू शकतो, ते वेगळेच.

आधी कागद, मग बंदूक

कर्नाटकात शस्त्र न्यायचे असेल आणि परवान्यात कर्नाटक नसेल तर ज्यांनी परवाना दिला त्यांच्याकडेच आधी अर्ज करायचा. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या आयुक्तालय असलेल्या शहरांत हे पोलीस आयुक्त असतात. इतरत्र जिल्हाधिकारी व जिल्हादंडाधिकारी. राज्याबाहेर क्षेत्र वाढवण्याची प्रकरणे गृह विभागाकडे जाऊ शकतात, म्हणून त्याला वेळ लागतो. ट्रक ठरवल्यावर अर्ज करण्यात अर्थ नाही.

अर्जात कारण नेमके लिहा. "कामानिमित्त" या शब्दावर अर्ज पडून राहतात. "मुलाकडे कायमचे राहायला जात आहे, पत्ता असा, भाडेकरार किंवा खरेदीखताची प्रत सोबत" असे लिहिलेला अर्ज तपासायला सोपा जातो. स्वसंरक्षणाचे कारण असेल तर ते नव्या ठिकाणीही कसे लागू आहे हे सांगावे लागेल. गावातल्या जमिनीच्या वादामुळे मिळालेला परवाना बेळ्ळंदूरच्या नवव्या मजल्यावर कशासाठी हवा, हा प्रश्न अधिकारी विचारणारच, आणि तो रास्त आहे.

फक्त एकदाच, विशिष्ट प्रवासासाठी शस्त्र न्यायचे असेल तर नियमांत प्रवासापुरत्या वेगळ्या परवान्याचीही सोय आहे. त्याची चौकशी प्रवास जिथून सुरू होतो तिथल्या परवाना शाखेत करावी.

वाटेतली राज्ये विसरू नका

ही गोष्ट इतक्या वेळा निसटते की ती वेगळी सांगणे भाग आहे. पुण्याहून सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, तुमकूर असे राष्ट्रीय महामार्ग ४८ ने आलात तर तुम्ही दोनच राज्यांतून जाता. सोलापूर–विजयपूर मार्गानेही तसेच. पण रेल्वेचे तसे नाही. मुंबईहून पुणे, सोलापूरमार्गे बेंगळुरूला येणारी उद्यान एक्सप्रेस कलबुर्गी, यादगीर मागे टाकल्यावर रायचूरच्या अलीकडे तेलंगणाचा एक तुकडा ओलांडते. मग आंध्र प्रदेशात शिरून गुंटकल, अनंतपूर, हिंदूपूर करत पुन्हा कर्नाटकात येते. तुमच्या परवान्यात महाराष्ट्र आणि कर्नाटक ही दोन नावे असली तरी रात्रीतून गाडी आणखी दोन राज्यांतून धावलेली असते. गुंटकलला लोहमार्ग पोलिसांनी विचारले तर "मी झोपलो होतो" हे उत्तर पुरणार नाही.

म्हणून क्षेत्रवाढीचा किंवा प्रवासाचा अर्ज करताना मार्ग आधी ठरवा आणि त्यातले प्रत्येक राज्य लिहा. दोन राज्यांचीच परवानगी असेल तर रस्त्याने या.

पोलिसांनी विचारले तर

शस्त्र बाळगणाऱ्या कुणाकडेही परवाना मागण्याचा अधिकार कलम १९ ने कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याला दिला आहे. परवाना दाखवता आला नाही तर तो नाव-पत्ता विचारू शकतो, शस्त्र ताब्यात घेऊ शकतो आणि नाव-पत्ता देण्यास नकार दिल्यास किंवा तो खोटा वाटल्यास वॉरंटशिवाय अटकही करू शकतो. त्यामुळे मूळ परवाना शस्त्रासोबतच असू द्या. मोबाईलमधला फोटो मदतीला येईल, पण मूळ कागदाची जागा घेणार नाही.

निवडणुकीच्या काळात कोगनोळीसारख्या सीमा नाक्यांवर गाड्या उघडून पाहिल्या जातात. नाक्यावर स्वतःहून सांगा की गाडीत परवान्याचे शस्त्र आहे आणि परवाना हा. तपासणीत ते सापडण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेले केव्हाही बरे. बंदूक रिकामी असावी, काडतुसे वेगळ्या पिशवीत असावीत आणि त्यांची संख्या परवान्यात दिलेल्या मर्यादेत असावी.

३० दिवसांची मुदत

हा भाग शांतपणे वाचावा, कारण बेळ्ळंदूरला येणाऱ्या बहुतेक ज्येष्ठांना तो थेट लागू होतो.

परवानाधारकाने कायमचा पत्ता बदलला किंवा ३० दिवसांहून अधिक काळासाठी शस्त्र सोबत घेऊन दुसरीकडे राहायला गेला, तर बदलापासून ३० दिवसांच्या आत दोन ठिकाणी कळवायचे असते: जुन्या ठिकाणच्या परवाना प्राधिकाऱ्याला आणि नव्या ठिकाणच्या. नव्या ठिकाणी परवाना आणि शस्त्र दाखवून नोंद करून घ्यायची असते. मुलगा किंवा सून कंपनीत घरपत्ता बदलते, आधारवर पत्ता बदलतो, गॅस आणि बँक बदलतात. शस्त्राची नोंद मात्र कुणाच्या यादीत नसते.

समजा, सातारा जिल्ह्यातले एक निवृत्त सुभेदार नातवंडाच्या बाळंतपणासाठी चार महिने बेळ्ळंदूरला आले. घर बंद राहणार म्हणून बंदूक सोबत आणली. परवान्यात कर्नाटक आहे, म्हणजे आणण्यात चूक नाही. पण चार महिने म्हणजे ३० दिवसांपेक्षा जास्त. सातारच्या जिल्हाधिकारी कार्यालयाला आणि बेंगळुरूच्या पोलीस आयुक्त कार्यालयाला त्यांनी कळवलेच पाहिजे. त्यांनी बंदूक गावीच रीतसर जमा करून ठेवली असती तर यातले काहीच करावे लागले नसते.

बेंगळुरू शहरात शस्त्र परवान्याचे अधिकार शहर पोलीस आयुक्तांकडे आहेत; कर्नाटकच्या आयुक्तालय नसलेल्या जिल्ह्यांत ते उपायुक्तांकडे, म्हणजे आपल्या भाषेत जिल्हाधिकाऱ्यांकडे, असतात. 'डेप्युटी कमिशनर' हा शब्द इथे दोन अर्थांनी येतो: जिल्ह्याचा डीसी वेगळा आणि पोलिसांचा डीसीपी वेगळा. महाराष्ट्रातून आलेल्यांचा इथे हमखास घोटाळा होतो. बेळ्ळंदूर पोलीस ठाणे तुमच्या पत्त्याची पडताळणी करेल, पण परवान्यावरचा निर्णय ठाण्यात होत नाही.

कळवण्याचे पत्र साधे असावे. त्यात परवाना क्रमांक, राष्ट्रीय नोंदीतला युनिक क्रमांक (यूआयएन), शस्त्राचा प्रकार, बोअर व कारखान्याचा क्रमांक, काडतुसांची संख्या, जुना व नवा पत्ता, नव्या पत्त्यावर आल्याची तारीख आणि मुक्काम तात्पुरता की कायमचा हे लिहा. सोबत परवान्याच्या सर्व पानांची आणि पत्त्याच्या पुराव्याची प्रत जोडा. बेंगळुरूचे पत्र कन्नड किंवा इंग्रजीत द्या. हातोहात दिले तर दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, टपालाने पाठवले तर नोंदणीकृत टपालाची पावती जपा. पुढे कधी प्रश्न आला तर हा शिक्का मारलेला कागद वकिलाच्या दहा युक्तिवादांपेक्षा उपयोगी पडतो.

मुक्काम कायमचा असेल तर पुढची नूतनीकरणेही बेंगळुरूतच होतील. त्यासाठी इथले कार्यालय जुन्या कार्यालयाकडून पडताळणी मागवते. तुमच्या परवान्याला यूआयएन नसेल किंवा राष्ट्रीय शस्त्र परवाना नोंदणीत, म्हणजे एनडीएएल-एएलआयएसमध्ये, नाव नसेल तर गाडी इथेच अडते. आणि ती दुरुस्ती जुन्या जिल्ह्यातच करावी लागते. गाव सोडण्यापूर्वी हे तपासून घ्या. नंतर एका सहीसाठी बेंगळुरू–सातारा अशा फेऱ्या करण्याचे वय बहुतेकांचे उरलेले नसते.

'भाच्याबरोबर पाठवून देतो' चालेल का?

नाही. परवाना ज्याच्या नावावर आहे त्यानेच शस्त्र न्यायचे. कलम ३ मध्ये एक सवलत आहे: परवानाधारक समोर असताना, किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, दुसरी व्यक्ती शस्त्र नेऊ शकते, पण तेही दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा स्वतः परवानाधारकाच्या वापरासाठीच. सामान हलवणाऱ्या कंपनीच्या ट्रकमध्ये कपाटात बंदूक ठेवून देणे यात कुठेच बसत नाही. कपाटाला कुलूप असले तरी नाही.

वडील वारले आणि बंदूक गावच्या घरात राहिली, मुलगा बेळ्ळंदूरला, अशीही अनेक घरे आहेत. वडिलांचा परवाना त्यांच्याबरोबरच संपतो. त्यानंतर ती बंदूक घरात ठेवणे कायदेशीर राहत नाही. कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची. वारसाला स्वतःच्या नावावर परवाना हवा असेल तर तो वेगळा अर्ज करतो आणि इतर वारसांची संमती जोडतो. मुलगा इथे राहत असेल तर त्याची पडताळणीही इथलेच पोलीस करतात. वडील हयात असतानाही, त्यांचे वय ७० झाले असेल किंवा त्यांनी शस्त्र २५ वर्षे बाळगले असेल, तर वारसाच्या नावावर परवाना मागता येतो. दिवसकार्य आटोपल्यावर भावंडांनी ठरवायच्या गोष्टींत ही एक धरावी. वर्षश्राद्धाला गेल्यावर बघू म्हणून ठेवलेली बंदूक वर्षभर विनापरवाना पडून असते.

शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनपेक्षा जास्त अग्निशस्त्रे ठेवता येत नाहीत. पूर्वी ही मर्यादा तीन होती. वारशाने येणारे शस्त्र धरून संख्या मोजा.

विमानाने जाताना

पुणे किंवा मुंबईहून बेंगळुरूला विमानाने येणाऱ्यांनी शस्त्र आणि काडतुसे हाताशी असलेल्या बॅगेत कधीही ठेवू नयेत. परवान्याचे शस्त्र चेक-इन सामानातूनच जाते, तेही विमान कंपनीला आधी कळवून, काउंटरवर घोषित करून, रिकामे करून आणि काडतुसे वेगळी बांधून. काडतुसांच्या वजनाला आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रवाशामागे ५ किलोची कमाल मर्यादा आहे. कंपन्यांच्या अटी त्याहून कडक असू शकतात. तिकीट काढण्यापूर्वी कंपनीला विचारा, काही कंपन्या शस्त्र घेतच नाहीत. आणि क्षेत्राचा नियम इथेही आहेच: विमान जिथे उतरते ते राज्य परवान्यात हवे.

शस्त्र नेत नसलेल्यांनीही एक काळजी घ्यावी. विमानतळावर पकडली जाणारी बरीच प्रकरणे बॅगेच्या कप्प्यात विसरलेल्या एखाद्या काडतुसाची असतात. वडिलांची जुनी बॅग, मामाचे शिकारीचे जाकीट, घाईत उचललेली सॅक. क्ष-किरण यंत्रात काडतूस दिसले की सुरक्षा दल प्रवाशाला पोलिसांच्या हवाली करते. बाळगणाऱ्याला त्याची जाणीव असली पाहिजे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुनवंतलाल प्रकरणात सांगितले आहे आणि नकळत राहिलेल्या काडतुसांचे अनेक गुन्हे उच्च न्यायालयांनी रद्दही केले आहेत. पण तो दिलासा गुन्हा नोंदल्यानंतर, काही महिन्यांनी मिळतो. विमान त्याच दिवशी सुटलेले असते. घरात शस्त्र असेल तर प्रवासाच्या आदल्या रात्री प्रत्येक बॅग उलटी करून झटका.

शेतीसंरक्षणाची बंदूक

खानापूर, चंदगड, सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या बाजूला रानडुकरे व माकडांपासून पीक वाचवण्यासाठी दिलेले परवाने बरेच आहेत. हा परवाना त्या शेताच्या किंवा गावाच्या परिसरासाठी असतो. तो प्रवासाचा परवाना नाही. खानापुरातला शेतकरी कर्नाटकातच राहतो, बेळ्ळंदूरही कर्नाटकातच आहे, तरी ती बंदूक इथे आणता येत नाही. इथे अडसर राज्याच्या सीमेचा नसून परवान्याच्या उद्देशाचा आहे.

गनमॅनची नोकरी

पश्चिम महाराष्ट्रातले अनेक माजी सैनिक बेंगळुरूत बँका, रोकड वाहतूक आणि मोठ्या संकुलांवर सशस्त्र रक्षक म्हणून काम करतात. नोकरी देणारी एजन्सी "स्वतःची बंदूक आणा" अशी अट घालते. इथे दोन गोष्टी तपासा. पहिली, परवान्याचे क्षेत्र. दुसरी, परवाना कशासाठी दिला आहे. स्वसंरक्षणासाठी दिलेल्या परवान्यावर दुसऱ्याच्या मालमत्तेची पगारी राखण करणे हा परवान्याचा उद्देश नाही, आणि प्रसंग घडला तर एजन्सी बाजूला होते; उत्तर परवानाधारकाला द्यावे लागते.

परवाना काढून देतो म्हणणाऱ्या मध्यस्थांपासूनही लांब राहा. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात बाहेरच्या लोकांना गैरमार्गाने दिलेल्या परवान्यांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाने केला. तपासाखालच्या परवान्यांची संख्या अडीच लाखांच्या वर होती. अशा परवान्यांवर रक्षकाची नोकरी करणारे वेगवेगळ्या राज्यांत पकडले गेले. मध्यस्थाला पैसे मोजलेल्या माणसाला आपला कागद खोटा आहे हे कळते तेव्हा बंदूक त्याच्या हातात असते.

कोडगूच्या मित्राकडे परवान्याशिवाय बंदूक कशी?

बेंगळुरूत राहणाऱ्याला कधीतरी कोडगूचा सहकारी भेटतोच आणि त्याच्या घरी परवान्याविना बंदुका असल्याचे ऐकून आश्चर्य वाटते. ते खरे आहे. कोडव समाजातील व्यक्ती आणि कोडगूतील जम्मा जमीनधारक यांना ब्रिटिश काळापासून परवान्यातून सूट आहे. २०१९ मध्ये केंद्राने ती ३१ ऑक्टोबर २०२९ पर्यंत वाढवली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. पण या सुटीलाही प्रवासाच्या अटी आहेत: कोडगूबाहेर राहताना किंवा फिरताना एक रायफल व १०० गोळ्या आणि एक साधी नळीची बंदूक व ५०० काडतुसे, याहून जास्त नाही. ही सूट त्या व्यक्तीची आहे, पाहुण्याची नाही. मडिकेरीला सुटीवर गेल्यावर मित्राने हातात दिलेली बंदूक घेऊन तुम्ही गाडीत बसलात तर सूट तुमच्या कामाला येणार नाही.

तलवार, कट्यार आणि छऱ्याची बंदूक

लग्नात नवरदेवाच्या हातची कट्यार किंवा शिवजयंतीच्या मिरवणुकीतली तलवार बेंगळुरूला आणतानाही विचार करा. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची, घरगुती, शेती वा औद्योगिक वापराची नसलेली हत्यारे शस्त्र अधिनियमाखाली येतात. कलम ४ प्रमाणे अधिसूचित केलेल्या भागांत त्यांनाही परवाना लागतो. समारंभासाठी बोथट, सजावटीची प्रतिकृती वापरणे सोपे. अग्निशस्त्र तर मिरवणूक, जत्रा, सार्वजनिक जमाव आणि शाळा-महाविद्यालयाच्या आवारात जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या खास परवानगीशिवाय नेता येत नाही. ही अट परवान्यातच छापलेली असते. लग्नात हौसेने गोळीबार करून कुणाचा जीव धोक्यात आणल्यास २ वर्षांपर्यंत कारावास किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

०.१७७ बोअरच्या आणि २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा नसलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. सरावाला जाणाऱ्या मुलांनी ती कव्हरमध्ये आणि खरेदीच्या पावतीसह न्यावी. मेट्रोच्या किंवा मॉलच्या दारातल्या रक्षकाला ज्यूलचा हिशेब ठाऊक नसतो.

निवडणूक लागली तर

आचारसंहिता लागू झाल्यावर कोणत्या परवानाधारकांनी शस्त्रे जमा करायची हे छाननी समिती ठरवते. ज्यांना आदेश येतो त्यांनी ती ठाण्यात जमा करून पावती घ्यायची आणि निकालानंतर परत न्यायची. तुम्ही बेळ्ळंदूरला आणि नोटीस गावच्या पत्त्यावर, असे झाले तर आदेश मोडल्याचा ठपका येऊ शकतो. पत्ता बदलल्याची नोंद वेळेवर करण्याचे हेही एक कारण आहे. याशिवाय सणावाराला किंवा तणावाच्या काळात पोलीस मनाई आदेश काढतात, त्यात परवान्याचे शस्त्र नेण्यावरही बंदी असू शकते. निघण्यापूर्वी दोन्ही टोकांच्या पोलिसांची सूचना पाहा.

शस्त्र सोबत न नेण्याचा पर्याय

काही महिन्यांसाठी येत असाल तर आमचे मत सरळ आहे: बंदूक आणू नका. सुरक्षित ताब्याचा परवाना असलेल्या शस्त्र विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात ती जमा करता येते. शस्त्राचा क्रमांक व काडतुसांची संख्या लिहिलेली पावती घ्या, तिचा फोटो मुलाच्या मोबाईलमध्येही असू द्या आणि परवान्याची मुदत तोवर संपणार नाही ना ते पाहा. परवान्याची मुदत आता ५ वर्षांची आहे, त्यामुळे ती तारीख सहज विसरली जाते. शस्त्र जमा असले तरी नूतनीकरण चुकत नाही.

आणलीच, तर फ्लॅटमध्ये भिंतीला किंवा जमिनीला पक्की बसवलेली कुलूपबंद तिजोरी हवी. काडतुसे वेगळ्या कुलपात, चावी परवानाधारकाकडे. घरात लहान मुले, कामाला येणाऱ्या बाई, सुट्टीत येणारे चुलतभाऊ असतात. तिजोरीची चावी कुठे असते हे त्यांच्यापैकी कुणालाही माहीत नसावे.